अकराव्या कलमातले एक क्रियापद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्थानकापासून पंचायत समितीपर्यंतच्या रस्त्यावर नर्सरी, ज्युनिअर केजी आणि सिनिअर केजीच्या प्रवेशाचे फलक लागतात. यंदा मी ते चालता चालता मोजले, तर चौदा भरले. त्यांतल्या एकावर काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेल्या, पदवीदान समारंभाला निघाल्यासारख्या दिसणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचे छायाचित्र आहे. याच रस्त्यावर, एका सरकारी आवाराच्या मागच्या अंगाला, अंगणवाडीही आहे. तिच्या पाटीवरची अक्षरे दोन पावसाळ्यांपूर्वीच धुऊन गेली. तिथे मुलांना आहार मिळतो, त्यांचे वजन होते, लसीकरणाची तारीख आईला सांगितली जाते. तिथे त्यांना शिकवलेही जाते, परंतु ते शिकवलेच पाहिजे असे आपल्या कोणत्याही कायद्याने शासनावर बंधन घातलेले नाही.

मी अंगणवाडी सेविका म्हणून या कामात आले आणि अनेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षांखालील मुलांसाठीच्या कार्यक्रमांचा विस्तार होणार, नव्या इमारती आणि नवे अभ्यासक्रम येणार, अशा बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येतात आणि त्या वाचून मला मनापासून आनंद होतो. मात्र हा विस्तार बहुतेक वेळा योजनेचा असतो, कायद्याचा नसतो. योजना आणि कायदा यांत काय फरक पडतो, हे मी नोकरीच्या काळात फार जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. संविधानाच्या मूळ ४५व्या अनुच्छेदात, वयाची चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांच्या आत करावा, असे मार्गदर्शक तत्त्व होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा ती केवळ प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी अशी सूचना आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास आपण मनाई करणार असू, तर तेवढा काळ ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हाही खालची मर्यादा कुणी आखली नव्हती.

ती आखली गेली २००२ मध्ये, ८६व्या घटनादुरुस्तीने. शिक्षण मूलभूत हक्क झाले म्हणून आपण तिचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण नवा अनुच्छेद २१-क फक्त ६ ते १४ या वयोगटासाठी आला आणि सहा वर्षांखालील सगळी मुले बदललेल्या ४५व्या अनुच्छेदात गेली. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण करण्याचा राज्य ‘प्रयत्न करील’, असे तो अनुच्छेद सांगतो. प्रयत्न केला नाही म्हणून राज्याला कुणी न्यायालयात खेचू शकत नाही. एकाच घरातल्या सात वर्षांच्या ताईला हक्क आहे आणि चार वर्षांच्या भावाला सरकारची सदिच्छा आहे, अशी स्थिती तेव्हापासून आहे.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातले अकरावे कलम तीन वर्षांवरील मुलांसाठी आहे. प्राथमिक शिक्षणाची तयारी म्हणून आणि सहा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी, समुचित शासन, म्हणजे संबंधित सरकार, मोफत पूर्वशालेय शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था करू शकेल, असा त्याचा आशय आहे. ‘करू शकेल’. त्याच कायद्यात सहा वर्षांवरील मुलांची गोष्ट येते तेव्हा भाषा एकदम बंधनकारक होते. तिथे शाळा किती अंतरावर हवी, शिक्षक किती हवेत, वर्षाचे किती दिवस शाळा भरली पाहिजे, हे सारे कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ठरलेले आहे. मराठीच्या शिक्षिका ‘शकणे’ या सहायक क्रियापदाने सामर्थ्य किंवा शक्यता व्यक्त होते असे शिकवतात. शासनाचे सामर्थ्य आम्हाला कधीच नाकारायचे नव्हते.

याउलट आहाराचे पाहा. अंगणवाड्या जिच्यात चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षे ती सरकारच्या सवडीने आणि निधीच्या उपलब्धतेने पसरत राहिली. खरी गती आली ती न्यायालयामुळे. धान्याची गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी का, असा प्रश्न विचारणारी याचिका पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. त्या वर्षी २८ नोव्हेंबरच्या आदेशाने आहाराच्या योजनांचे रूपांतर लाभार्थ्यांच्या हक्कांत झाले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने देशभर १४ लाख अंगणवाड्या उभ्या करण्यास सांगितले गेले, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत व अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असेही बजावले गेले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने त्यावर कळस चढवला. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा आता कायदेशीर हक्क आहे आणि त्यातले उष्मांक किती कॅलरी व प्रथिने किती ग्रॅम असावीत हे परिशिष्टात दिलेले आहे.

हा कायदा झाल्याने सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. २०१७ मध्ये एका बालकाच्या दिवसाच्या आहारासाठी ८ रुपये दर ठरला आणि महागाई कुठच्या कुठे गेली तरी तो वर्षानुवर्षे तिथेच राहिला. आठ रुपयांत बचत गटाच्या बायकांनी मटकीची उसळ कशी घट्ट करायची, हे गणित त्याच जाणोत. तरीही हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, त्यावर भांडता येते आणि विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. कायद्याने मोजणे भाग पाडले, म्हणून हे शक्य झाले. तालुक्यातल्या किती मुलांना सहाव्या वर्षापर्यंत रोज एक गोष्ट ऐकायला मिळाली, हे मात्र कुणालाच माहीत नाही, कारण ते माहीत करून घेण्याची सक्ती कुणावरही नाही.

याचा परिणाम अंगणवाडीच्या दिवसावर कसा होतो, हे एका प्रसंगावरून सांगते. मुख्यसेविका म्हणून अंगणवाडीला भेट दिली की आम्हाला एक नमुना भरावा लागे. त्यात तांदूळ किती शिल्लक, मटकी किती, टीएचआरची म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटे कधी आली, किती वाटली, सॅममध्ये म्हणजे तीव्र कुपोषित किती बालके, मॅममध्ये म्हणजे मध्यम कुपोषित किती, वजनकाटा चालू आहे का, असे रकाने खालपर्यंत होते. पूर्वशालेय शिक्षणासाठी एकच ओळ होती, घेतले जाते काय, होय किंवा नाही.

एके दिवशी एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मी वेळेच्या थोडी आधी पोहोचले. अंगणवाडी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरत असे. सेविकेने मुलांपुढे चिंचोक्यांचा ढीग ओतला होता आणि नारळाच्या तीन करवंट्या ठेवल्या होत्या. मोठे चिंचोके एका करवंटीत, मधले दुसरीत आणि बारीक तिसरीत, असा खेळ होता. चारेक वर्षांची एक मुलगी एक फुटका चिंचोका हातात धरून बराच वेळ बसून राहिली. मग उठली, मंडपाच्या कोपऱ्यातून पणती घेऊन आली, तो चिंचोका पणतीत ठेवला आणि म्हणाली, “बाई, हा अर्धाय. ह्याला येगळं घर.” सेविकेने तिला दुरुस्त केले नाही. तिने आणखी फुटके चिंचोके शोधायला लावले, आणि थोड्या वेळात सगळी मुले पूर्ण आणि अर्धे असे नवे वर्गीकरण करू लागली. गणिताचा इतका सुंदर तास मी नंतर कुठे पाहिला नाही. त्यानंतर मी धान्याची कोठी उघडून पाहिली, पाच रजिस्टरांवर सह्या केल्या आणि नमुन्याच्या त्या एका ओळीत ‘होय’ असे लिहिले. पलीकडच्या वाडीवर मुले अर्धा तास हाताची घडी घालून बसली होती आणि खिचडी खाऊन घरी गेली होती. तिथेही मी ‘होय’ असेच लिहिले होते, कारण भिंतीवर तक्ते लावलेले होते आणि ‘नाही’ लिहिण्यासाठी माझ्या हातात कायद्याचा कोणताही आधार नव्हता.

आता ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आहे. तो २०२३ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. तो मी वाचला आहे. त्यात खेळ आहे, गाणी आहेत, मातीकाम आहे, आणि वाचून बरे वाटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते असे सांगून २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार बालशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण धोरण आपल्याकडे २०१३ मध्येही होते. बालसंगोपन व बालशिक्षणाचे राष्ट्रीय धोरण त्या वर्षी राजपत्रात आले होते आणि त्यातही हेच सारे चांगल्या भाषेत लिहिलेले होते. धोरण पाळले नाही तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच धोरणात नसते.

दुसरी गोष्ट सेविकेची. कायद्यात जिच्या कामाचे नाव नाही, तिला पगार नसतो, मानधन असते, आणि दिवाळीला बोनस नसतो, ‘भाऊबीज भेट’ असते. शब्द गोड आहेत. केंद्राच्या हिशेबात सेविकेचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसांचे २,२५० रुपये ठरले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. आपल्या राज्यातली भर वाढली ती सहजासहजी वाढली नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस सेविका संपावर होत्या आणि त्या काळात मुलांच्या तोंडचा घास कुणी पळवला यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही यांच्याकडेच आले. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, कुठलेही नवे काम निघाले की गावात हाताशी असलेली शिकलेली बाई म्हणून सेविका आठवते. अर्ज भरण्याला अंतिम मुदत असते. गोष्ट सांगण्याला नसते. मग कोणते काम आधी होणार?

याबाबतीत २५ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक आमदाराने वाचावा असे मला वाटते. गुजरातमधल्या सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा तो खटला होता. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने सेविका व मदतनिसांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला. तो देताना न्यायालयाने दोन गोष्टी नोंदवल्या. अन्नसुरक्षा कायद्यामुळे अंगणवाड्या आता वैधानिक कर्तव्य बजावत आहेत, ही पहिली. आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना तिथे जे शिकवले जाते ते निखळ शैक्षणिक काम असून शिक्षण हक्क कायद्याच्या अकराव्या कलमानुसारच चालते, ही दुसरी. म्हणजे ज्या कलमाने शासनाला कशातही बांधले नाही, त्याच कलमाचे काम सेविका रोज करत आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. आता कायद्याने ते मान्य करणे तेवढे उरले आहे.

तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्या बीड जिल्ह्यातून गेलेले पत्र पुरे होणार नाही. दसरा झाला की इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, कोंबड्या आणि मुले. शाळेतली मुले जमल्यास आजीजवळ राहतात, अंगावरची आणि तीन-चार वर्षांची मात्र बरोबर जातात. माझ्या एका अंगणवाडीच्या पटावर भाद्रपदात ४१ मुले होती. दिवाळीनंतर १६ उरली. एकदा एका कारखान्याच्या तळावर नातेवाइकांना भेटायला गेले असताना आमच्या अंगणवाडीतला एक मुलगा मला तिथे दिसला. आई-वडील पहाटे फडात गेले होते. कोपीच्या मेढीला साडीची झोळी बांधलेली होती आणि तिच्यात सहा महिन्यांची बहीण होती. हा साडेतीन वर्षांचा मुलगा झोळीची दोरी ओढत बसला होता. मला ओळखल्यावर त्याने अंगणवाडीत शिकलेले गाणे म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला अडकला. पाडव्याला तो गावी परतला तेव्हा गेल्या वेळेपेक्षा त्याचे वजन पाऊण किलोने कमी भरले.

या मुलाचा आहाराचा हक्क कायद्याने अबाधित होता, पण त्याचे नाव एका गावच्या रजिस्टरात आणि पोट दुसऱ्या जिल्ह्याच्या तळावर होते. महा-एमटीएस ही स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणाली आता आपल्या राज्यात आहे आणि ती नीट वापरली तर आहाराचा प्रश्न थोडाफार सुटतो, हे मी कृतज्ञतेने सांगते. पण नोंद म्हणजे पाळणाघर नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघराची अट घातली होती, पण उसाचा फड हा कारखाना नसतो, जरी त्याच्यावाचून कारखान्याचे बॉयलर पेटत नसले तरी. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघराची सक्ती केली. फार चांगले झाले. पण कोयत्यावरच्या बाईची आस्थापना कोणती? तिची हजेरी मुकादमाच्या वहीत असते आणि तिथेही पुष्कळदा नवऱ्याच्याच नावावर असते.

हे सारे प्रश्न मला निवृत्तीनंतर सुचले अशातला भाग नाही. भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये नेमक्या याच विषयावर आपला २५९वा अहवाल दिला होता. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. अजित प्रकाश शहा हे आपल्या सोलापूरचे. सहा वर्षांखालील प्रत्येक बालकाला मूलभूत गरजांसाठी निगा व साहाय्य मिळण्याचा आणि दुर्लक्ष व शोषणापासून संरक्षणाचा हक्क देणारा नवा अनुच्छेद २४-क संविधानात घालावा, अशी त्यांची शिफारस होती. अकराव्या कलमातले ‘करू शकेल’ काढून तिथे बंधनकारक शब्द घालावा, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची करावी असेही त्यांनी सुचवले होते, आणि २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस होतात, तेव्हा तेवढा भाग दोन वर्षांत अमलात आला. नोकरदार स्त्रियांची ती मागणी संघटितही होती. उरलेले भाग ज्यांच्यासाठी होते ती मुले निवेदन देत नाहीत.

कायदा नको म्हणणाऱ्यांचे एक म्हणणे मला महत्त्वाचे वाटते, आणि ते पैशाबद्दलचे नाही. कायदा आला की बाके येतील, वह्या येतील, तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल येईल, अशी भीती बालशिक्षणात आयुष्य घातलेली माणसेही बोलून दाखवतात. ती निराधार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला जे केले, त्याच्या अगदी उलट दिशेचे हे भय आहे. पाड्यावरची वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या आणि तिला त्यांनी अंगणवाडी म्हटले. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत असे दिसल्यावर शाळा कुरणात नेली. पाने, बिया, शंख, माती हेच साहित्य होते. आज सरकारी कागदोपत्री देशभर चालणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठी आहे आणि तो मुलापर्यंत शाळेने चालत जाण्यातून जन्मला आहे, याची आठवण आपल्या विधिमंडळाला असायला हवी. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाचा वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत हलवायचा की वस्तीवर ठेवायचा, हा प्रश्न केवळ खोल्यांच्या उपलब्धतेवर सोडता येणार नाही.

पण कायदा नसल्यामुळे बाके आणि वह्या थांबल्या आहेत का? सुरुवातीला सांगितलेल्या चौदा फलकांकडे पाहा. तिथे तिसऱ्या वर्षी पेन्सिल आहे, चौथ्या वर्षी गृहपाठ आहे आणि पाचव्या वर्षी त्या काळ्या झग्यातला पदवीदान समारंभ आहे. बालवर्गाच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेण्यावर आपल्या राज्याने १९९६ च्या कायद्याने निर्बंध आणले होते. डॉ. राम जोशी यांच्या समितीने त्यामागे मोठा विचार केला होता. नंतर या क्षेत्रात कोण शिकवते, किती मुलांमागे किती बायका आहेत, मुलांना लघवीला जायला जागा आहे का, हे पाहणारी भक्कम यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. सकाळी व्हॅन येते, आठ जणांच्या जागेत सोळा मुले बसतात, आणि आमच्या अंगणवाडीचा पट आणखी दोनाने घटतो. पालकांना मी दोष देत नाही. अंगणवाडीत ‘नुसते खेळवतात’ आणि तिकडे ‘शिकवतात’, असे त्यांना वाटते, कारण खेळणे हेच या वयाचे शिकणे आहे, असे सरकारने त्यांना कायद्याच्या ठाम भाषेत कधी सांगितलेलेच नाही.

खर्चाबद्दल थोडेच लिहिते. केंद्र किती देणार आणि राज्य किती, हा वाद आहाराच्या निम्म्या-निम्म्या वाटणीतही होताच, आणि कायदा झाल्यावर तो मिटवावा लागला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही पैसा कुठून आणायचा हाच आक्षेप होता आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. आज ती ३८ माणसे कोण होती, हे शोधायला जुनी कागदपत्रे उघडावी लागतात.

माझी विनंती आपल्या राज्याच्या विधिमंडळाला आहे. शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आहे. शिक्षण हक्क कायद्यात ‘समुचित शासन’ म्हणजे आपल्या बहुतेक शाळांपुरते तरी राज्य शासनच, आणि अकराव्या कलमाने त्याला व्यवस्था करण्याची मुभा दिलेलीच आहे. ती मुभा स्वतःच्या कायद्याने स्वतःवर बंधन म्हणून घालून घेण्यास महाराष्ट्राला कुणाची आडकाठी असावी असे मला वाटत नाही. त्या कायद्यात तीन वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला घराजवळ, त्याच्या घरच्या बोलीत, खेळातून शिकण्याचा मोफत हक्क असावा. तो हक्क गावच्या पटाला जोडलेला नसावा, मुलाला जोडलेला असावा, म्हणजे ते फडावर, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाईल तिथे तो त्याच्याबरोबर जाईल, आणि तो हक्क पोहोचवण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावरही असेल. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद असावी आणि ती मोजताना फक्त कामावरच्या स्त्रिया मोजू नयेत, मुले मोजावीत, कारण स्त्रिया मोजल्या की एकतिसाव्या बाईला कामावर घेणेच टाळले जाते. शिकवणाऱ्या सेविकेला त्यात शिक्षिकेचे नाव, प्रशिक्षण आणि वेतन असावे, आणि शिकवण्याच्या वेळेत तिला दुसरे काम देण्यास मनाई असावी. खासगी बालवर्गांनाही हेच नियम लागू असावेत. परीक्षा, मुलाखत आणि गृहपाठ त्यांना स्पष्ट शब्दांत निषिद्ध असावेत.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते तेव्हा ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी अधिवेशनाला निघण्यापूर्वी एक सकाळ एखाद्या कारखान्याच्या तळावर, टोळ्या फडात गेल्यानंतर म्हणजे साधारण आठ वाजता, घालवावी. त्या वेळी तळावर फक्त सहा वर्षांखालची मुले असतात, त्यामुळे त्यांना शोधावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका, बीड जिल्हा